हरकत घ्यावी कुठे, घेऊ नये कुठे

बासरी शिकणाऱ्या पोराचा दोन-तीन वर्षांनी एक ठरलेला मुक्काम येतो. सगळे सूर लागतात, भूपातली बंदिश तालात वाजते, चार तानाही पाठ असतात. पण ऐकणारा जाणकार म्हणतो, 'बरं वाजवतोस रे, पण कोरडं वाजतंय.' गळ्याने गाणाऱ्यांचे आणि पेटीवाल्यांचेही हेच होते. मग प्रश्न येतो की कण, मींड, खटका, मुरकी हे सगळे शिकायचे कसे? गुरुजींचे उत्तर बहुधा तयार असते, 'ऐकत जा, आपोआप येईल.' हे उत्तर खोटे नाही, पण त्याने शिष्याचे भागत नाही. ज्यांच्या गळ्यात आणि बोटांत ही कामे बसली, त्यांच्यात ती कोणत्या वाटेने आली, याचा माग काढता येतो.

तो काढायला कोल्हापूरसारखी जागा नाही. राजगायकाची घराण्याची तालीम इथे झाली. संगीत नाटकांनी इथले प्रेक्षक घडवले. पेटीला मानाचे पान मिळवून देणारा कलावंत इथला. स्वरलिपीचा प्रसार करणाऱ्यांपैकी एक जण शेजारच्या कुरुंदवाडात जन्मला. १८८३ पासून चालत आलेला गायन समाज देवल क्लब आजही इथे आहे. आणि आता घरोघरी मोबाइलवर गाणे शिकणारी मुले आहेत. सव्वाशे वर्षांत सुचलेल्या जवळपास सगळ्या वाटा या पंचक्रोशीत चालून पाहिल्या गेल्या आहेत. त्यांचा हा आढावा.

दोन कामे, एकच नाव

आधी कशाविषयी बोलतो आहोत ते ठरवू. मुख्य सुराला जाताना शेजारच्या सुराला झालेला निसटता स्पर्श म्हणजे कण. आवाज न तोडता एका सुरावरून दुसऱ्यावर ओघळत जाणे म्हणजे मींड. सुराला दिलेला सावकाश झोका हे आंदोलन, आणि जोर लावून सूर हलवला की गमक. तीन-चार सुरांचा गुच्छ झटक्यात घेतला की खटका होतो, आणि तसाच गुच्छ हलक्या, नाजूक हाताने घेतला की मुरकी. व्याख्या इतक्या सोप्या आहेत की परीक्षेला बसणारी मुले त्या एका संध्याकाळी पाठ करतात.

वर्गवारीची हौस आपल्याकडे जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात गमकाचे पंधरा प्रकार सांगितले. त्यांतले काही कंपाच्या वेगावरून पाडलेले आहेत. कंप अर्ध्या द्रुताइतका असला तर कंपित, द्रुताइतका असला तर लीन, लघुइतका असला तर आंदोलित, प्लुताइतका असला तर प्लावित. हुंफितात छातीतून येणारा हुंकार आहे, तर मुद्रितात तोंड मिटून काढलेला कंप. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी इतक्या बारकाईने ऐकणारा माणूस मराठी मुलुखात बसून लिहीत होता, याचे कौतुक वाटते. पण ही यादी वाचून दरबारी गाता येत नाही. गमक काय असते ते ती सांगते. कोणत्या रागात, कोणत्या सुरावर, किती ते सांगत नाही.

खरी अडचण तिथेच आहे. जौनपुरी, अडाणा आणि दरबारी हे तीन राग घ्या. गंधार, धैवत, निषाद तिघांतही कोमल. पेटीवर त्यांच्या पट्ट्या जवळपास त्याच. पण दरबारीचा गंधार संथ आंदोलन घेत खाली रिषभाकडे झुकतो. तो झुलवला नाही तर समोर दरबारी उभाच राहत नाही. तेच आंदोलन जौनपुरीच्या गंधारावर घातले की जौनपुरी बिघडतो. भूप आणि देशकार यांचे तर पाचही सूर तेच. भूपाचा जीव पूर्वांगात गंधाराशी आणि देशकाराचा उत्तरांगात धैवताशी, आणि हा फरक सुराच्या उच्चारातून दाखवावा लागतो.

म्हणजे अलंकरण या एका नावाखाली दोन वेगळी कामे चालतात. पहिले सक्तीचे. त्यावाचून रागच होत नाही. दुसरे ऐच्छिक. नाट्यपदात, भावगीतात, ठुमरीत, लावणीत गाणारा आपल्या मर्जीने एखादी हरकत घेतो, एखादी 'जागा' काढतो. ती घेतली नाही तरी पद उभे राहते, घेतली तर खुलते. शिकवताना ही दोन कामे एकाच टोपलीत टाकली जातात आणि 'नंतर बघू' म्हणून दोन्ही पुढे ढकलली जातात. माझ्या मते कोरडेपणाचे मूळ या गोंधळात आहे. पुढच्या प्रत्येक वाटेला एकच प्रश्न विचारायला हवा, की ही वाट यांपैकी कोणते काम शिकवते?

पलट्यांची वाट

सगळ्यात रुळलेली वाट पलट्यांची. सारेग, रेगम, गमप असे चढायचे आणि तसेच उतरायचे. मग सासा रेरे, मग चार-चारचे गट, मग दुगुण, चौगुण. गळा आणि बोटे तयार होतात, तान दाणेदार होते, लय पक्की होते. गमकाला जो जोर लागतो आणि बासरीला जी फुंक लागते, ती रोजच्या घोटण्याशिवाय येत नाही. पलट्यांना नाके मुरडणाऱ्यांनी पलटे न घोटलेल्यांची तान एकदा ऐकावी.

पण पलट्यात प्रत्येक सूर सारख्याच वजनाचा असतो. रागात तसे कधी नसते. वर्षभर फक्त पलटे घोटलेल्या मुलाला गंधार हा सरळ, स्वच्छ, हलू न देण्याचा सूर म्हणून पाठ होतो. मग दरबारी समोर आला की त्याला तो गंधार मोडून पुन्हा शिकावा लागतो. पलटे हात घडवतात. दोन्ही कामांपैकी एकही ते शिकवत नाहीत, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

खाँसाहेबांचे कोल्हापूर

दुसरी वाट समोरासमोरच्या तालमीची, आणि इथे कोल्हापूरचा अधिकार मोठा. अल्लादिया खाँ १८५५ मध्ये राजस्थानात उणियारा इथे जन्मले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारगायक म्हणून आश्रय दिला आणि जयपूर-अत्रौली गायकीचे घर कोल्हापुरात झाले. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज बसला होता. तो परत आला तेव्हा पहिला गोडवा त्यात राहिला नव्हता, आणि त्या बदललेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी त्यांनी बांधली, असे घराण्यात सांगतात. १९४६ मध्ये मुंबईत ते निवर्तले.

गंमत अशी की या घराण्याच्या ख्यालात सुटी, मिरवण्यासाठी घेतलेली मुरकी जवळपास निषिद्ध. खुला आकार, लयीत घट्ट बसलेला विस्तार, गमकेच्या अंगाची वळणावळणाची तान आणि प्रत्येक सुराला मागच्या-पुढच्या सुराचा धागा. कण आणि मींड भरपूर, पण ती वेगळी काढून दाखवता येत नाहीत, कारण ती चालीतच विणलेली असतात. 'घरंदाज गायकी' (१९६१) या पुस्तकात वामनराव देशपांडे यांनी घराण्यांची मांडणी सूर आणि लय या दोन टोकांत केली. किराणा सुराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि जयपूर मध्यावर, दोन्हींचा तोल सांभाळून. वामनराव स्वतः या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले, म्हणून त्या मांडणीला वजन आहे. आपल्या प्रश्नापुरता तिचा अर्थ असा की जयपूर गायकीत कण कुठे पडतो ते लयही ठरवते. मात्रेच्या कोणत्या बिंदूवर सूर पोचला पाहिजे हे ठरले की तिथवर जाण्याचे वळणही बरेचसे ठरून जाते.

अशी गायकी शिकवायची पद्धत एकच. गुरू तुकडा गातो, शिष्य तो परत गातो, गुरू मान हलवत नाही तोवर तोच तुकडा. 'इथे मध्यमाचा कण लाव' असे शब्दांत सांगणे क्वचित. राग उभा करणारा कण शिष्याच्या गळ्यात तुकड्यासकट, तालासकट, बोलासकट उतरतो, सुटा कधीच नाही. सक्तीचे काम शिकवायला यापेक्षा चांगली पद्धत अजून सापडलेली नाही. गुऱ्हाळात काहील कधी उतरवायची हे गुळव्या पोराला पाकाजवळ उभे करूनच शिकवतो, तसाच हा प्रकार.

खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांनी कोल्हापुरात ही तालीम चालू ठेवली. मल्लिकार्जुन मन्सूर आधी भुर्जी खाँचे थोरले भाऊ मंजी खाँ यांच्याकडे शिकत होते. १९३७ मध्ये मंजी खाँ गेले, तेव्हा ते भुर्जी खाँकडे आले. त्या वेळी मन्सूर नाव झालेले गायक होते, तरी गळ्यातले जुने वळण पुसून नवे बसवायला ते तयार झाले. वामनराव सडोलीकर, गजाननबुवा जोशी आणि १९२७ मध्ये कोल्हापुरातच जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी याच तालमीतून गेल्या. केसरबाई केरकर १९२१ पासून आणि मोगूबाई कुर्डीकरही खुद्द खाँसाहेबांकडे शिकल्या.

तालीम म्हणजे नक्कल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर या शिष्यांच्या गाण्यातच आहे. खाँसाहेबांचे स्वतःचे ध्वनिमुद्रण आपल्याला ऐकायला मिळत नाही. मागे आहेत ते शिष्यांचे गळे. केसरबाईंचा भरदार, अखंड आकार, मोगूबाईंची लयीशी चाललेली बारीक गुंतवणूक आणि मन्सूरांची श्वासागणिक पुढे झेपावणारी तान यांत फरक इतका की अनोळखी कानाला तिघांचे घराणे एकच असेल असे वाटू नये. पण नट कामोदात किंवा सावनी कल्याणात दोन राग जिथे सांधले जातात, तिथे सुराचा उच्चार तिघांचाही घराण्याचाच. सक्तीचे तेवढे सारखे, बाकी ज्याचे त्याचे.

या वाटेच्या खोडी दोन. एक म्हणजे वेळ. केसरबाईंसारखी दिवसाचे कित्येक तास, वर्षानुवर्षे चालणारी तालीम आज नोकरी-शिकवण्या सांभाळणाऱ्याला परवडत नाही. दुसरी, गुरूची मर्जी. शिकवायचे ठेवून घ्यायचे, अवघड राग राखून ठेवायचे, हे प्रकार सगळ्याच घराण्यांत होत आले.

किशोरी आमोणकरांचे उदाहरण इथे नेहमी निघते. आईकडून, म्हणजे मोगूबाईंकडून, घराण्याची पक्की तालीम मिळाल्यावर त्यांनी भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडून मींडेचे धडे घेतले आणि आलापाला संथ, भावाकडे झुकणारे वळण दिले. जुन्या मंडळींनी नाके मुरडली. पण त्यांनी सोडले ते ऐच्छिक होते. सक्तीचे आधी हातात होते, म्हणूनच सोडणे आणि नवे घेणे साधले. त्यांच्या हरकती उचलणाऱ्या पुढच्या अनेकांना तो पाया नव्हता, आणि ते ऐकू येते.

रंगभूमीची शाळा

ऐच्छिक अलंकरणाची शाळा मात्र घराण्यात नव्हती, ती नाटकात होती. 'संगीत मानापमान' १९११ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. बालगंधर्व पद गायचे आणि प्रेक्षक वन्स मोअर द्यायचे. वन्स मोअर घेतला की तेच पद पुन्हा, पण त्याच जागा पुन्हा घेऊन चालत नसे. दुसऱ्या खेपेला मुरकी वेगळ्या शब्दावर, तिसऱ्या खेपेला सम वेगळ्या वाटेने. प्रेक्षकच परीक्षक होता आणि निकाल जागच्या जागी लागत होता. कोल्हापूरचेच केशवराव भोसले याच रंगभूमीवर पल्लेदार, चपळ तानेने टाळ्या घेत. १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त दोघे एकत्र आले, तेव्हा अलंकरणाच्या दोन तऱ्हा लोकांना एका रात्रीत ताडून पाहता आल्या.

या शाळेने महाराष्ट्राला जागा ओळखणारा कान दिला. कोल्हापुरात १९१९ मध्ये जन्मलेल्या सुधीर फडक्यांच्या भावगीतांतली शब्दाला धरून येणारी हलकी हरकत याच कानासाठी होती. तोटा असा की ख्यालातही टाळीची जागा शोधायची सवय याच शाळेने लावली.

कागदावर काय उतरते

कुरुंदवाडात १८७२ मध्ये जन्मलेले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वरलिपीसह पुस्तके छापली. विष्णु नारायण भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिका' रचली आणि शेकडो बंदिशी लिहून ठेवल्या. यांच्यामुळे गाणे दरबारातून आणि कोठीतून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आले. हे काम लहान नव्हे.

अलंकरणासाठी भातखंडे लिपीत सोय आहे. कण मुख्य सुराच्या डोक्यावर बारीक अक्षरात, मींड म्हणजे सुरांवर काढलेली कमान, आणि खटका म्हणजे कंसातला सूर. (प) असे दिसले की धपमप असे झटकन घ्यायचे. म्हणजे वरचा सूर, तो स्वतः, खालचा सूर, पुन्हा तो स्वतः.

हा कंस जरा जवळून पाहू. कागदावर चारही सूर सारखे. गाताना तसे नसते. धैवतावर जोर दिला तर खटका टणक होतो. धैवत फक्त शिवून गेले तर तोच खटका मुरकीकडे झुकतो. चारही सूर अर्ध्या मात्रेत घेतले तर एक रूप, पाव मात्रेत घेऊन उरलेला वेळ शेवटच्या पंचमावर थांबलो तर दुसरे. मात्रेच्या आधी सुरू करून पंचम नेमका मात्रेवर टेकवला तर तिसरे. एका कंसात इतकी गाणी मावतात आणि लिपी त्यांतले एकही निवडून देत नाही. इथे खटका आहे, एवढेच ती सांगते. ज्याने तो ऐकला आहे त्याला तेवढे पुरते. ज्याने ऐकलेला नाही, त्याच्या हाती फक्त धपमप लागते.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. आयर्लंडच्या पारंपरिक संगीतात हाच वाद शंभर वर्षे चालू आहे. फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये शिकागोत १,८५० चालींचा मोठा संग्रह छापला. चाली जपल्या गेल्या, पण त्या वाजवायच्या कशा हे पिढ्यान्‌पिढ्या कानानेच पुढे गेले. तिथल्या टिनच्या शिट्टीवर 'रोल' नावाचे एक काम असते. सूर धरायचा, वरचे बोट क्षणभर उचलून तो कापायचा, पुन्हा सूर, खालच्या बोटाने भोकावर हलकी थाप, पुन्हा सूर. वरचा, स्वतः, खालचा, स्वतः. आपल्या कंसातल्या खटक्याचाच सांगाडा. पण आपल्याकडे शेजारचे सूर ऐकू यायला हवेत. तिथे ते सूर म्हणून ऐकू येताच कामा नयेत. बोट इतके झटकन पडते की कानाला फक्त सुराला बसलेला ठोका कळतो. ग्रे लार्सन यांनी २००३ च्या आपल्या जाडजूड पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला. या कापांना आणि थापांना छोटे सूर समजू नका, ते सुराचे उच्चार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी चिन्हे हवीत. सांगाडा एक असूनही दोन संगीतांत त्याचा अर्थ इतका बदलतो, याचे कारण तिथे अलंकरण नाचाच्या लयीची चाकरी करते आणि आपल्याकडे रागाची.

वाद्याचा स्वभाव

कोणता अलंकार सोपा आणि कोणता अवघड, हे बरेचसे वाद्यच ठरवते. आवाज तुटू न देता मींड घेणे पेटीला जमत नाही. पट्टी दाबली की तो सूर, सोडली की नाही. याच आणि श्रुतींच्या कारणावरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. पण त्याच्या कितीतरी आधी गोविंदराव टेंब्यांनी पेटीवर स्वतंत्र वादनाच्या मैफली केल्या होत्या. भास्करबुवा बखल्यांची साथ आणि अल्लादिया खाँचे गाणे ही त्यांची मुख्य शाळा. पुढे खाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. चांगला पेटीवाला मधल्या पट्ट्यांना अगदी निसटता स्पर्श करत आणि भाता सांभाळत मींडेचा भास निर्माण करतो. तो भास आहे हे कानाला माहीत असते, तरी चालीच्या ओघात कान तो मान्य करतो. मींड नेमकी कुठे लागते हे पक्के ठाऊक असल्याशिवाय तिचा भास करता येत नाही. अलंकाराची जागा कळणे ही कौशल्याच्या आधीची पायरी आहे, याला याहून चांगला पुरावा नाही.

बासरीचे नेमके उलटे. तिच्यात मींड जन्मजात आहे. बोटाचा मांसल भाग भोकावरून सावकाश सरकवला की सूर चढत जातो. महाद्वार रोडवर काठीला बासऱ्या टोचून विकणारा जी छोटी बासरी वाजवून दाखवतो, तिच्यावरही हे होते. मैफलीची बासरी मोठी आणि खर्जाची असल्याने तिच्यावर ते सावकाश आणि भरून येते. अडचण वेगळीच आहे. सहा भोकांच्या बासरीवर वरची तीन भोके बंद केली की षड्ज. एकेक बोट उचलत गेले की रिषभ, गंधार, आणि वरचे भोक अर्धे उघडले की शुद्ध मध्यम. पण पुढचा पंचम सगळी भोके बंद करून, जोराच्या फुंकेने येतो. मध्यमावरून पंचमावर मींडेने जायचे तर जवळपास उघड्या नळीवरून एका क्षणात बंद नळीवर यायचे आणि त्याच क्षणी फुंक बदलायची. बोट किंवा फुंक केसभर मागेपुढे झाली की मध्येच शीळ फुटते. गळ्याला जे सहज, ते बासरीवाल्याला अनेक महिन्यांचे काम.

पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी गायकी अंगासाठी लांब, खर्जाची बासरी रूढ केली आणि मंद्रातला तीव्र मध्यम मिळावा म्हणून सातवे भोक पाडले. गाणे आधी कानात होते. ते बांबूत बसेना, म्हणून बांबू बदलला. टिनच्या शिट्टीलाही सहाच भोके आणि बोटे सरकवून तिच्यावरही घसीट घेता येते. तरी आयरिश वादकांनी तिच्यावर मुख्यतः काप आणि थाप वाढवली, कारण ही रीत मशकवाद्यांच्या परंपरेतली, आणि तिथे वारा अखंड वाहतो आणि एकच सूर दोनदा वाजवायचा तर तो जिभेने नाही, बोटानेच तोडावा लागतो. वाद्य शक्यता देते. त्यातले काय वाढवायचे ते परंपरा ठरवते.

तबकडी ते मोबाइल

ध्वनिमुद्रणाने ऐकण्याची सोय झाली, ही शतकातली सर्वांत मोठी गोष्ट. पण ७८ फेऱ्यांची तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. तीन मिनिटांत तान मावते, समेवर येण्याचा डौल मावतो. विलंबितात एक सूर दुसऱ्याला कसा हात देतो ते मावत नाही. तबकडीवरून शिकणाऱ्या पिढीने हरकती उचलल्या आणि त्यांची कारणे तबकडीतच राहिली. आयर्लंडमध्येही हेच झाले. स्लायगोचे फिडलवादक मायकेल कोलमन यांनी न्यूयॉर्कला जाऊन १९२० च्या दशकापासून तबकड्या काढल्या. त्या मायदेशी पोचल्या आणि गावोगावच्या वेगवेगळ्या ढंगांवर स्लायगोच्या अलंकरणाची दाट छाया पडली.

मोबाइलने यात दोन चांगल्या गोष्टी केल्या. अख्खी मैफल हाताशी आली, आणि वेग कमी करून ऐकता येऊ लागले. अर्ध्या वेगाने ऐकले की एकच वाटलेल्या खटक्यात चार सूर निघतात. मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी 'म्युझिक इन मोशन' या उपक्रमात रागगायनाचे हलते आलेख तयार केले. गाणे चालू असताना सुराची रेघ पडद्यावर सरकते. तिथे आंदोलित सूर एका उंचीवर स्थिर बसतच नाही, हे डोळ्यांनी दिसते. 'गंधार नेमका कुठे लावू?' असे विचारणाऱ्या शिष्याला ती वाकडीतिकडी रेघ पुष्कळ काही सांगून जाते.

पण संथ केलेल्या खटक्याचा जोर निघून जातो. चार सूर मोजून घेतलेला खटका पुन्हा वेगात नेला की धपमप होतो. कंसाचीच गोष्ट नव्या यंत्रावर. शिवाय मोबाइलवर 'खटका-मुरकी पाच मिनिटांत' असे धडे मिळतात, त्यांत अलंकार सुटा करून दाखवतात. सुटा केला की तो दिसतो छान आणि शिकल्यासारखाही वाटतो. मग शिष्य तो सगळीकडे पेरतो. आजच्या स्पर्धांत भजनातही, अभंगातही, शुद्ध कल्याणातही तीच मुरकी ऐकू येते, त्याचे कारण हे.

मग करायचे काय

एक वाट सगळे शिकवत नाही, हे तर उघडच आहे. पण प्रत्येकीचे काम वेगळे लावता येते. पलटे गळ्यासाठी आणि बोटांसाठी. स्वरलिपी आठवणीसाठी. संथ केलेले ध्वनिमुद्रण शंका फेडण्यासाठी. ऐच्छिक हरकतींसाठी नाट्यपद आणि श्रोता. आणि सक्तीच्या अलंकरणासाठी गुरूचा तुकडा, समोरासमोर, पहिल्या दिवसापासून. भूप शिकवतानाच गंधाराचा उच्चार भूपाचा यायला हवा; 'आधी सरळ सूर, मींड विशारदला' ही फाळणी चुकीची आहे. मींड म्हणजे दोन सुरांमधली वाट आहे, आणि वाट नंतर बसवता येत नाही.

उलट ऐच्छिक अलंकरणाला घाई नको. नुकत्याच शिकू लागलेल्याला आयरिश शिक्षकही सांगतात, चाल आधी साधी वाजव, मग रोल घाल. ती चाल कापांशिवायही उभी राहते, म्हणून तिथे हा सल्ला योग्य. नाट्यपदाला तो तसाच लावावा. दरबारीला लावला तर दरबारीच हरवतो.

आपल्या परीक्षांतही थोडा बदल सहज होण्यासारखा आहे. कण, मींड, खटका, मुरकी यांच्या व्याख्या विचारण्याऐवजी विद्यार्थ्याला कोमल गंधाराचा एकच छोटा तुकडा द्यावा आणि तो जौनपुरीत, अडाण्यात आणि दरबारीत म्हणायला किंवा वाजवायला सांगावा. मग एक नाट्यपद साधे म्हणवून घ्यावे, आणि पुन्हा म्हणताना फक्त एकच जागा घ्यायची मुभा द्यावी. जो तिन्ही गंधार वेगळे दाखवेल आणि त्या एका जागेसाठी नेमका शब्द निवडेल, त्याला व्याख्या आल्या नाहीत तरी चालेल. क्लबांनी, महाविद्यालयांनी आणि घरगुती शिकवण्यांनी आठवड्याचा एक तास निव्वळ ऐकण्याला द्यावा. त्या तासाला एक राग घ्यावा, तीन घराण्यांची ध्वनिमुद्रणे लावावीत, आणि कोणी कुठे कण घेतला आणि कुठे टाळला, एवढेच बोलावे. 'ऐकत जा' या गुरुजींच्या उत्तरात काय ऐकायचे एवढेच राहून गेले होते. ते असे भरून काढता येईल.